माझी आवाज येते का?

मी प्रबंधिका लिहायला घेतली आहे असं शनिवारच्या वर्गात सांगितलं, तेव्हा लखनौहून बदली होऊन आलेले बँकेतले साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात जोडून माझं अभिनंदन केलं.

‘‘मॅडम, कुठल्या शाखेत?’’

‘‘कला शाखेत,’’ मी म्हटलं.

‘‘कळवा? ठाण्याच्या जवळ आहे ते?’’

हिंदीत प्रबंधक म्हणजे मॅनेजर, तेव्हा प्रबंधिका म्हणजे बाई मॅनेजर. बाई शिकवणी सोडून बँकेची शाखा सांभाळायला निघाल्या, असा त्यांचा समज झाला होता. मी तो दूर केला. पीएच.डी.ला लिहितात तो प्रबंध, एम.ए.ला लिहितात ती प्रबंधिका. डबा मोठा असला की तो, लहान असली की ती डबी. सुरा तो, सुरी ती. मराठीत वस्तू आकसली की बाई होते. साहेबांनी हा नियम वहीत उतरवून घेतला आणि लगेच वापरून पाहिला.

‘‘लहान डोंगर?’’

‘‘टेकडी. ती.’’

‘‘लहान पुस्तक?’’

‘‘पुस्तिका. ती.’’

साहेब खुलले. ‘‘आणि लहान मुलगा?’’

‘‘बाळ,’’ मी म्हटलं. ‘‘ते.’’

साहेबांनी वही मिटली. माझ्या प्रबंधिकेचा विषय नेमका हाच होता.

मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आणि शनिवार-रविवारी परप्रांतातून पुण्यात आलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग घेते. बावीस वर्षं शिकवल्यावर एक दिवस आपल्याला काहीच येत नाही अशी शंका आली आणि मी उपयोजित भाषाविज्ञान आणि भाषाअध्यापन या भारदस्त नावाच्या एम.ए.ला नाव घातलं. नाव घालून झाल्यावर शंका उरली नाही, खात्री झाली.

विषय ठरवायलाच तीन महिने गेले. मला लिहायचं होतं ‘मराठी भाषा : काल, आज आणि उद्या’. मार्गदर्शक बाई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्यांनी कागद वाचला, पालथा घातला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, नुसता काल घेतला तरी नऊशे पानं होतील. तुम्ही पोकळी शोधा.’’ संशोधनात पोकळी म्हणजे आधीच्या मंडळींनी जिथं काही लिहून ठेवलेलं नाही अशी जागा. घरात अशी जागा दिसली की आपण तिथं प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबतो, विद्यापीठात प्रबंधिका कोंबतात.

मला पोकळी सापडली ती ‘तो-ती-ते’मध्ये. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. बरं, तिसरं एक वाढलं आणि बाकीची दोन जागच्या जागी राहिली असंही नाही. आवाज तिकडं ती, इकडं तो. पुस्तक तिकडं ती, इकडं ते. दही तिकडं पुरुष, इकडं नपुंसक. नाक तिकडं बाईचं असो की बुवाचं, स्वतः बाईच. इकडं ते ‘ते’. लखनौहून निघालेली गाडी बऱ्हाणपूर सोडून रावेरच्या हद्दीत शिरते तेव्हा किटलीतल्या चायचा चहा होतो, आणि तीचा तो होतो. किटली घेऊन फिरणाऱ्या पोऱ्याला पत्ताही नसतो.

आपल्याला हे जन्मापासून येतं म्हणून त्यातला घोटाळा दिसत नाही. जबलपूरच्या एक ताई वर्गात आहेत. त्यांनी मला स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून एकेक विचारलं. तोंड ते. त्यावरचं नाक ते, पण कान तो. ओठ तो, आतली जीभ ती. कपाळ ते, हनुवटी ती. एका तोंडावर तीन लिंगं नांदतात, आणि ज्या मिशीवर पुरुषजात एवढा ताव देते ती मिशी ती. ‘‘का?’’ ताईंनी विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही मराठी पोरानं विचारला नव्हता. मी ‘‘पुढच्या तासाला बघू’’ असं म्हणून वेळ मारून नेली. शिक्षकी पेशातलं हे सगळ्यात जुनं वाक्य.

विषय मार्गदर्शक बाईंना पसंत पडला. मी शीर्षक दिलं ‘मराठी शिकणाऱ्यांच्या लिंगविषयक चुका’. त्या शीर्षकाचं पान मी झेरॉक्सच्या दुकानात विसरले. दुकानदारानं ते प्रामाणिकपणे आमच्या सोसायटीच्या चेअरमनांकडे पोचवलं आणि चेअरमनांनी ते चार घड्या घालून, पाकिटात बंद करून, नवऱ्याच्या हातात दिलं. पुढचे आठ दिवस लिफ्टमध्ये ते माझ्याकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडे बघत होते. मग शीर्षकात ‘व्याकरणिक’ आलं. ‘चिकित्सक’ही आलं, कारण चिकित्सक नसलेला अभ्यास विद्यापीठाच्या दारातून आत येऊच शकत नाही. शेवटी ते असं झालं : ‘पुणे शहरातील मराठी शिकणाऱ्या हिंदीभाषक प्रौढांच्या व्याकरणिक लिंगासंबंधीच्या चुकांचा चिकित्सक अभ्यास’. एका दमात वाचायला पोहणाऱ्याची फुप्फुसं हवीत.

मग वाचन. चुकांच्या शास्त्रात सगळ्यांनी पहिला नमस्कार घालायचा तो स्टीफन पिट कॉर्डर यांना. त्यांनी १९६७ साली एक निबंध लिहून सांगितलं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे कचरा नव्हे. त्याच्या डोक्यात भाषा कशी रचली जाते आहे हे बघायची ती खिडकी आहे. त्यातही दोन जाती. बोलता बोलता जीभ घसरते आणि लक्षात आलं की माणूस स्वतःच सावरतो, ती नुसती घसरण. पण जे चुकलं आहे तेच बरोबर आहे असं ज्याला मनापासून वाटतं, विचारलं तर जो नियमही सांगतो, त्याची ती खरी चूक. घसरण सोडून द्यायची, चूक जपायची.

हे वाचलं आणि टेबलावरच्या लाल पेनाकडे माझ्यानं बघवेना. बावीस वर्षांत मी किती खिडक्या विटा लावून बुजवल्या असतील!

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात बदलले. कोणी ‘‘माझी पुस्तक हरवली’’ म्हटलं की पूर्वी मी ‘‘माझं! हरवलं!’’ असं टाचणी टोचल्यासारखी ओरडायची. आता मी प्रसन्न हसून वहीत रेघ ओढायची. बँकेतले साहेब म्हणजे तर कामधेनू. आमचा रविवारचा तास पावसाळ्यात ऑनलाइन असतो. साहेब पडद्यावर आले की पहिलं वाक्य ठरलेलं : ‘‘मॅडम, माझी आवाज येते का?’’ माझी एक, येते एक, अशा दोन चुका चहाच्या आधी. ‘‘येते, येते,’’ मी भान विसरून म्हणायची. जबलपूरच्या ताई एकदा काळजीनं म्हणाल्या, ‘‘मॅडम, तुम्ही हल्ली आम्हाला रागवत नाही. घरी सगळा ठीक आहे ना?’’ सगळा! मी ताईंचा हातच धरला.

घरी सगळं ठीक नव्हतं, कारण संशोधन घरात शिरलं होतं. मार्गदर्शक बाईंनी तुलनेसाठी मातृभाषकांचाही एक गट घ्यायला सांगितला. सगळ्यांना तीच चित्रं दाखवायची, बोलायला लावायचं आणि ध्वनिमुद्रण करायचं. मातृभाषक फुकटात आणि हाताशी कुठं मिळतात, तर घरात. पण आधी संमतिपत्रक हवं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि एलआयसीचा फॉर्म वाचावा तसं ते ओळ न ओळ वाचलं.

‘‘ ‘आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, यातून बाहेर पडू शकता.’ हे खरं आहे?’’

‘‘हो आई. नियमच आहे.’’

‘‘कारण द्यावं लागत नाही?’’

‘‘अजिबात नाही.’’

आईंनी चष्मा काढून पुसला. ‘‘असा कागद १९७४ साली कुणी पुढं केला नाही.’’

पेपराच्या आडून सासरे म्हणाले, ‘‘एक प्रत इकडंही दे.’’

आई मूळच्या अकोल्याच्या. पुण्यात येऊन पन्नास वर्षं झाली तरी त्यांची वऱ्हाडी जशीच्या तशी आहे, आणि मला तीच हवी होती. मी फोन टेबलावर ठेवला, लाल ठिपका लागला आणि जी बाई दोन मिनिटांपूर्वी ‘‘मले काय विचारून राहिली तू?’’ म्हणत होती, ती पाठ ताठ करून म्हणाली, ‘‘या चित्रामध्ये एक स्त्री दृष्टीस पडत आहे. तिच्यासमवेत एक बालक आहे.’’ समवेत! आमच्या घरात हा शब्द लग्नपत्रिकेखेरीज कधी आला नव्हता. मी फोन बंद केला. त्याच क्षणी ओट्याकडे बघत आई ओरडल्या, ‘‘अवो, थे मांजर दूध पिऊन राहिलं नं!’’

अमेरिकेत विल्यम लबाव नावाच्या भाषावैज्ञानिकानं हे दुखणं फार पूर्वी ओळखलं होतं. माणसं कुणाचं लक्ष नसताना कशी बोलतात ते आपल्याला ऐकायचं असतं, आणि ऐकायचं तर लक्ष द्यावंच लागतं. त्यानं उपायही काढला होता. समोरच्याला विचारायचं, तुमच्यावर कधी जिवावर बेतण्याचा प्रसंग आला होता का? आठवणीच्या भरात माणूस आपण कसं बोलतो आहोत हे विसरतो. मी फोन पुन्हा चालू केला आणि आईंना विचारलं. आईंनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. मग लूनावर मागं बसून मूर्तिजापूरला निघालेल्या नवविवाहितेची कथा सुरू झाली. तीत बैलगाडी होती, नाला होता, आणि ‘‘मी पायतो नं’’ म्हणत काहीच न पाहणारा एक चालक होता. चाळीस मिनिटं. अस्सल वऱ्हाडी. लबावला माझा दंडवत. सासऱ्यांनी मात्र त्या दिवसापासून अभ्यासातून आपलं नाव काढून घेतलं, कोणतंही कारण न देता.

ध्वनिमुद्रण सोपं असतं. ते ऐकून लिहिणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. तासाभराच्या बोलण्याला सहा-सात तास सहज जातात, कारण सगळं लिहायचं असतं. ‘अं’, ‘म्हणजे’, थांबलेला श्वास, हसू. माझ्या प्रतीत तर कंसात कुकरच्या शिट्ट्याही आहेत. बाईंनी त्या ठेवायला लावल्या. आणि नावं लिहायची नसतात, आकडे लिहायचे. सगळे माझ्यासाठी ‘भाषक’ झाले. साहेब भाषक चार, ताई भाषक सहा, आई भाषक अकरा. एकदा जेवताना मी ‘‘भाषक बाराला कारल्याची भाजी वाढ’’ असं म्हटलं. बारा म्हणजे नवरा. तो गप जेवला, पण पुढं आठवडाभर फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देत होता.

आता त्या भाषकाकडे येते, ज्याच्यामुळं प्रबंधिका बुडता बुडता राहिली. आमच्या कोपऱ्यावर जयपूरच्या एका गृहस्थांचं मिठाईचं दुकान आहे. पुण्यात अकरा वर्षं. वर्गात नियमित. भाषक नऊ. मी तीन वेळा दुकानात बसून त्यांचं बोलणं टिपलं आणि कोष्टक मांडलं, तर त्यांच्या नावापुढं चुका शून्य. साहेबांच्या नावापुढं तर डोंगर, ‘तो’. मी थक्क झाले. हा माणूस तर मराठीत नीट दोन वाक्यं जोडत नाही! पण आकडा शून्य म्हणजे शून्य. आकड्यापुढं बोलायची आपल्यात पद्धत नाही. मी तावातावानं लिहून टाकलं की भाषक नऊ हा वर्गातला सर्वोत्तम विद्यार्थी होय.

मार्गदर्शक बाईंनी समासात एकच शब्द लिहिला : ‘‘ऐका.’’

मी पुन्हा ऐकलं. गिऱ्हाईक विचारतं, पेढे कसे आहेत? ‘‘छान आहे.’’ बर्फी? ‘‘छान आहे.’’ श्रीखंड? ‘‘मस्त आहे.’’ उद्या बासुंदी? ‘‘मिळेल.’’ खरवस? ‘‘मिळेल.’’ आज नाही का? ‘‘नाही.’’ मग? ‘‘किती देऊ? पॅक करू?’’

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हीही एकदा तपासून बघा. मराठीत ‘चांगला’ म्हटलं की फसलात. चांगला, चांगली, चांगलं. पण ‘छान’ कुणाकडेच झुकत नाही. पेढा छान, बर्फी छान, श्रीखंड छान. ‘मस्त’ तसंच, ‘गोड’ तसंच. ‘आला-आली-आलं’ म्हटलं की पाय घसरलाच, पण ‘आहे’ला लिंग नाही, ‘नाही’ला नाही, ‘मिळेल’ला नाही, ‘देऊ’, ‘करू’ला नाही. या माणसानं अकरा वर्षांत मराठीतले सगळे खड्डे हेरले होते आणि त्यांच्या बाजूबाजूनं बरोबर एक दुकान रुंदीची पायवाट पाडली होती. तो भूतकाळात जातच नव्हता! ‘संपला-संपली-संपलं’ची वेळ आली की तो नुसता हात हलवायचा. दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. त्यातला लिंगविचार पुन्हा पुन्हा वाचूनही जे मला दिसलं नव्हतं, ते या गृहस्थांना काट्यावर पेढे जोखताना दिसलं होतं.

बाईंनी मग जॅक्लिन शाख्टरचा १९७४ चा लेख हातात ठेवला. चिनी आणि जपानी विद्यार्थी इंग्रजीत ‘जो-तो’सारखी गुंतलेली वाक्यं लिहिताना फारशा चुका करत नाहीत असं तिला आढळलं. का, तर ते असली वाक्यं लिहायलाच जात नाहीत. जो पाण्यात उतरत नाही तो बुडत नाही. चुका मोजणारा मग त्याला पट्टीचा पोहणारा समजतो. माझं एक अख्खं प्रकरण त्या लेखानं आडवं केलं आणि दुसरं, जास्त चांगलं, उभं केलं. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला, तेव्हा भाषक नऊ यांनी आपणहून सगळ्या वर्गाला पेढे वाटले. मी विचारलं, ‘‘कसं वाटतंय?’’

‘‘छान आहे,’’ ते म्हणाले.

हे सगळं चालू असताना मला एक आगाऊ प्रश्न पडू लागला. साहेबांची चूक ठरवायची ती कुणाच्या मापानं? चॉम्स्कीनं १९६५ साली लिहून ठेवलं आहे की सिद्धान्त मांडायचा तो एका आदर्श भाषकाचा. एकजिनसी समाजात राहणारा, आपली भाषा पूर्ण जाणणारा असा. मी असा समाज शोधायला फार लांब गेले नाही. रात्रीच्या जेवणाला विचारलं, ‘‘ई-मेल तो, ती की ते?’’

‘‘ती. मेल आली,’’ नवरा म्हणाला.

‘‘मेल आला,’’ सासरे म्हणाले. ‘‘पंजाब मेल येते. कागद येतो.’’

‘‘ते,’’ लेक म्हणाली. ‘‘ते मेल. आणि आता मेल कुणीही पाठवत नाही.’’

‘‘मले त आलंच नाही कधी,’’ आई म्हणाल्या.

पाच माणसं, तीन लिंगं. एकजिनसी होती ती फक्त आमटी. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं तेव्हा साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ‘‘म्हणजे तुम्हाला पण येत नाही!’’ मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, ‘‘पण हे ठरवते कोण?’’ मी कपाटातला मोल्सवर्थ काढून दाखवला. १८३१ साली निघालेला मराठी-इंग्रजी कोश. त्यात प्रत्येक नामापुढं लिंग लिहिलेलं. करणारा ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतला इंग्रज. त्याच्या हाताखाली मराठी शास्त्रीमंडळी होती हे खरं, पण स्वतः तो आधी मराठी शिकला आणि मग मराठी माणसांच्या भाषेचा कोश रचून बसला. साहेबांनी कोश दोन्ही हातांत घेतला. ‘‘बाहेरून आलेला आदमी होता?’’ ते म्हणाले. ‘‘मग त्यानं पण विचारला असेल, नाक ते का?’’ ‘विचारला’ची रेघ मी ओढली, पण या वेळी थोडी उशिरा.

आणि मग तो रविवार आला. पाऊस कोसळत होता, सगळे पडद्यावर. चौथं प्रकरण मी साहेबांच्या त्या एका वाक्यावर उभं केलं होतं. लॅरी सेलिंकरनं १९७२ साली सांगितलेली अंतर्भाषा, म्हणजे ना पुरती आपली, ना पुरती परकी, शिकणाऱ्याची स्वतःची अशी मधली भाषा. आणि तिच्यातल्या काही चुका पुढं दगडासारख्या कशा कायम होतात, याचं माझं उदाहरण म्हणजे साहेबांचा आवाज. चौदा पानं. साहेबांची खिडकी उघडली. त्यांनी घसा साफ केला.

‘‘मॅडम, माझा आवाज येतो का?’’

मी काही बोललेच नाही.

‘‘मॅडम? माझा आवाज येत नाही का?’’

आता तर नकारातही बरोबर! ‘‘येतो,’’ मी कशीबशी म्हटलं. ‘‘कुणी शिकवलं?’’

‘‘भाजीवाल्या मावशी,’’ साहेब म्हणाले. ‘‘फोनवर बोलत बोलत मी मेथी घेत होतो. त्या म्हणाल्या, साहेब, आवाज बाई नाय, बुवा हाय. बस, लक्षात राहिलं.’’ राहिलं! साहेबांनी नपुंसकलिंग पण खिशात टाकलं होतं. मी बारा तासांचा अभ्यासघटक आखला होता, रंगीत तक्ते केले होते, निळा तो, गुलाबी ती, पिवळा ते. मावशींनी ते काम मेथीच्या एका जुडीत उरकलं. शिक्षक म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. संशोधक म्हणूनही आलं, पण ते वेगळं पाणी होतं. रात्री मी मार्गदर्शक बाईंना फोन करून सांगितलं की माझा भाषक चार सुधारला. त्या ‘‘अरेरे’’ म्हणाल्या आणि मग आम्ही दोघी एकमेकींना लाजलो.

पुढचं लिहिणं झालं तसंच, ज्याला पूर्वी रात्रीचा दिवस म्हणत आणि आता ‘फायनल_खरी फायनल_बाईंनी बघितलेली’ अशा नावाच्या फायली म्हणतात. वाङ्मयचौर्य तपासणीत दहा टक्क्यांच्या वर साम्य चालत नाही. यंत्रानं माझं आभाराचं पान जवळजवळ सगळंच लाल करून परत पाठवलं. ‘ज्यांच्या प्रेरणेशिवाय हे कार्य सिद्धीस गेले नसते’ हे वाक्य माझ्या आधी बऱ्याच जणांच्या सिद्धीस गेलं होतं. मी आभार नव्यानं लिहिले. त्यात मावशी आल्या आणि मांजर आलं.

शेवटचा दिवस. पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं. बाइंडरचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. खळीचा वास, दाबयंत्राखाली कुणाकुणाच्या प्रबंधांची चळत. काकांनी माझे पाच ठोकळे काढून काउंटरवर ठेवले. वर शीर्षक सगळं होतं, पाच ओळींत, एकही अक्षर चुकलेलं नाही. मी बोटानं एकेक शब्द वाचला. मग प्रत उभी केली आणि कणा पाहिला.

कण्यावर माझं नाव होतं. खाली साल होतं. आणि मध्ये सोनेरी, ठसठशीत, उन्हात चमकणारं : ‘चुकीचा अभ्यास’.

‘‘काका, हे काय?’’

‘‘एवढं मोठं नाव कण्यावर बसत नाही, मॅडम. म्हणून मुद्द्याचं घेतलं.’’

‘‘अहो, पण ‘चुकांचा’ होतं ना?’’

‘‘होतं. ते मी नीट केलं.’’ काकांनी खळीचा हात फडक्याला पुसला. ‘‘तुमच्याकडून ‘चुकांचा’ राहिलं होतं. ‘चुकांचा’ असं कुठं असतं का? चुकीचा. चुकीचा रस्ता, चुकीचा नंबर, चुकीचा अभ्यास. चाळीस वर्षं प्रबंध बांधतोय मी.’’

मी काकांकडे पाहिलं. जीभ घसरली नव्हती. हात घसरला नव्हता. मनापासून बरोबर वाटत होतं, नियम तयार होता, वर तीन उदाहरणं होती. विद्यापीठाची खिडकी पाच वाजता बंद होत होती आणि घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी पर्समध्ये हात घातला. संमतिपत्रकाची एक कोरी प्रत तळाशी उरली होती.

‘‘काका,’’ मी फोन काउंटरवर ठेवत म्हटलं, ‘‘तेवढं परत एकदा सांगता?’’